कॅरेटमागं एक किलो

बीड
३ ऑक्टोबर २०२४

रामा,

आधी दोन शिव्या हासडून घे, मग वाच. फाडू मात्र नकोस. लखन समोर बसून चहा पितोय. मोसंबीचं पिकअप रिकामं झालंय आणि तो चकलांब्याला निघायच्या आत मला हे संपवायचंय. फोनवर तू मला बंद करून ठेवलंस. हुस्नाच्या नंबरवरून लावला तर माझं हॅलो ऐकलंस आणि ठेवून दिलास. दहा महिने झाले. तुझी खबर मिळते ती लखनकडूनच. पिठाच्या गिरणीवर बसतोस, काठी सुटली, पण अजून मांडी घालता येत नाही, एवढं कळलं.

आज त्यानं आणखी एक सांगितलं. स्वप्नाला गेवराईच्या दवाखान्यात नोकरी लागली. लई बरं वाटलं. शिकताना तुझ्या बहिणीनं बसचे किती धक्के खाल्ले ते मी बघितलंय. पण पुढं तो म्हणाला की तिला जायला-यायला तुम्ही आपली लाल गाडी बाहेर काढलीय. गेवराईच्या डेंटरनं ठोकून सरळ केली, रंग मारला, जुन्या बाजारातून सीटा आणून बसवल्या.

रामा, ती गाडी स्वप्नाला देऊ नकोस.

कावून, असं विचारशील. इंजिनाचं फाउंडेशन कमजोर झालंय. मी तेव्हाच बघितलं होतं, सांगायचं राहून गेलं. रस्त्यात बसलं तर एकटी पोरगी काय करणार? लखनबरोबर गाडी इकडं पाठवून दे. मी बघतो. पैशाचं नाव काढू नकोस.

अम्मी तुझी आठवण काढते. मेहेकला आता चार दात आलेत आणि चारही दातांनी ती गॅरेजातले माझेच पाने चावते. हसलास का थोडा? नसशील. ठीक आहे.

इसाक


बीड
१२ ऑक्टोबर २०२४

रामा,

तुझी चिठ्ठी पोचली. दहा महिन्यांनी दोन ओळी, त्याही गिरणीच्या पावतीच्या पाठीवर. "फाउंडेशन डेंटरनं बघितलं, ठीक हाय. खरं काय ते सांग, न्हाईतर लिहू नको." कागद झटकला तर पीठ पडलं. हुस्ना म्हणाली, वाचून काय बघत बसलात, उत्तर लिहा.

माझं खोटं तुला पहिल्या दिवसापासून कळतं. आठवतंय, पहिल्यांदा तू अब्बांच्या दुकानी मोसंबी घेऊन आलतास आणि पिकअप माझ्या गॅरेजवर लावलंस? मी म्हणालो, क्लच प्लेट गेली. तू म्हणालास, "प्लेट चांगली हाय बे, केबल ओढ." तिथून आपली गाठ पडली. तुझ्यासारखं पिकअप हाकणारा मी दुसरा पाहिला नाही. भरल्या गाडीत मांजरसुंब्याच्या उतारावर तू ब्रेक असा लावायचास की वरच्या कॅरेटातली मोसंबी हलायची नाहीत.

म्हणून तर ते सगळं सुरू झालं. पालीच्या पुढच्या माळावर मातीतली शर्यत होणार, एकेक गाडी सोडून टायमिंग घेणार, पुण्याची एक टीम ड्रायव्हर निवडायला येणार. तुला आयुष्यात दुसरं काही नको होतं. इंजिनाला हात लावायची आपली ऐपत नव्हती. मग मीच म्हणालो, ताकद वाढवता येत नाही तर वजन घटवू. शंभर किलो काढले की दीड माणूस उतरल्यासारखं होतं, गाडी उडेल.

काय काय काढलं आपण! मागची सीट, गालिचे, एसीचं सगळं खटलं, स्टेपनी, जॅक, हिटर, स्पीकर. तळाला चिकटवलेलं डांबर निघेना म्हणून तू रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणलीस. बर्फ मीठ लावून ठेवला, डांबर कडक झालं आणि हातोड्याच्या एका टोल्यात खपल्या उडाल्या. तू नाचलास. फुकटात नऊ किलो! अब्बांचा काटा मी दर रविवारी गॅरेजवर आणायचो, कॅरेटात भरून एकेक वजन करायचो आणि तू भिंतीवर खडूनं आकडा लिहायचास. तो आकडा मी अजून पुसलेला नाही.

आता खरं. शर्यतीच्या आदल्या रविवारी तू गाडी माळावर फिरवून आणलीस आणि म्हणालास, "मागचं लई हलकं झालंय, वळणावर शेपूट सुटतंय. वाळूच्या दोन गोण्या टाक." मी हसलो. म्हणालो, महिनाभर जे काढलं ते परत घालू का? आणि शंभरला अजून नऊ बाकी आहेत. तू पुन्हा म्हणालास. मी पुन्हा नाही म्हणालो.

शर्यतीत तिसऱ्या वळणावर शेपूटच सुटलं आणि गाडी उजव्या अंगानं दगडांच्या ढिगाऱ्यावर आदळली. मी दोरीपाशी उभा होतो, सगळं बघितलं. तू वेग आधीच तोडला होतास. तुझं काही चुकलं नव्हतं.

आणि दवाखान्यात तुझे आबा आले, म्हाळूआबा, डोक्याचं मुंडासं हातात धरून. मला विचारलं, "कसं झालं रं?" मी म्हणालो, "लई जोरात आला आबा, मी नको म्हणत होतो." तू खाटेवर ऐकत होतास. आबांनी त्या दिवशी तुझ्याकडून गळ्याची शपथ घेतली, परत चाकाला हात लावणार नाही म्हणून.

हे तुझं तुला माहीतच होतं. पण मी लिहून देतोय. आता तरी गाडी पाठव. हलकी गाडी स्वप्नाच्या हाती बरी नाही. एवढंच कारण आहे.

इसाक


बीड
२० ऑक्टोबर २०२४

रामा,

एवढंच कारण नाही.

लखन आज हसत हसत आला. म्हणाला, "तुमची गाडी हाय का पत्र्याचा डबा? परवा ट्रॉली नुसती घासून गेली तर डावं दार पार आत आलं. सत्यभामाकाकूच्या मांडीला टेकलं." त्याला वाटलं मीही हसेन. मी तीनदा विचारलं, तुझ्या आईला लागलं का? तो म्हणाला, नुसतं खरचटलं, ट्रॉली हळू होती.

हळू होती म्हणून. रामा, आता नीट बसून वाच. स्वप्ना बाहेर निघाली असेल तर आधी तिला थांबव, मग वाच.

दाराच्या आत आडवा लोखंडी पाइप असतो. बाहेरून दिसत नाही. बाजूनं काही आदळलं तर बसणाऱ्याला वाचवायला तोच. पुढच्या दोन्ही दारांचे पाइप मी कापून काढले. शर्यतीच्या आदल्या दिवशी, तू आबांबरोबर मेंढरं बघायला गावी गेलतास तेव्हा. पाइप आणि त्यांच्या भोवतीचे आतले पत्रे. काट्यावर बरोबर नऊ भरले. भिंतीवर मीच शंभर लिहिलं आणि भोवती गोल काढला. तू आलास, विचारलंस, "कुठून काढले बे नऊ?" मी म्हणालो, "जिथं लागत नव्हते तिथून." तू मला मिठी मारलीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, दारात काही नव्हतं का, एवढं दार आत कसं आलं? मी म्हणालो, जुनी गाडी आहे साहेब. ढिगाऱ्यातला दगड तुझ्या मांडीपर्यंत आला रामा. पाइप असता तर मुका मार लागला असता, फार तर हाड चिरलं असतं. तुझ्या खुब्यात सळई पडली ती मी दाराला पोकळ केलं म्हणून.

अजून संपलं नाही. ह्याच्या पुढचं मी हुस्नालासुद्धा सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ती पाठ फिरवून बसली आणि मग म्हणाली, लिहा, नाहीतर मी लिहीन.

तुला आठवत असेल, दर रविवारी काटा चालू करताना मी काय करायचो. रिकामं कॅरेट ठेवायचं, त्यात एक किलोचं वजन ठेवायचं, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा आणि मग वजन काढून खिशात टाकायचं. तू एकदा विचारलंस, "हे वजन कावून ठेवतोस?" मी म्हणालो, "काट्याला सवय हाय."

काट्याला कुठली सवय? सवय माझ्या हाताला. अब्बांच्या दुकानात मी सहा वर्षांचा असल्यापासून रोज सकाळी काटा असाच लागतो. कॅरेट दोन किलोचं, पण काटा तीन कापतो. पानं, देठ, नासका माल म्हणून कॅरेटमागं एक किलो कडता. बाजारात सगळेच कडता धरतात, पण तोंडानं सांगून. अब्बा काट्यातच धरतात, न सांगता. शेतकऱ्याच्या वीस किलोचे एकोणीस होतात. चकलांब्याचा मालही ह्यातून सुटला नाही. तुमचाही.

मी गाडीचा माल तसाच तोलला. बावीस कॅरेटं झाली होती तेव्हा भिंतीवर एक्क्याण्णव होते. खरे होते एकशे तेरा. आपलं शंभर कधीच पार झालं होतं. ते नऊ किलो काढायचेच नव्हते. वाळूच्या गोण्या टाकल्या असत्या तरी चाललं असतं. तू बरोबर होतास आणि मी तुला आकडा दाखवून गप्प केलं.

हे कळलं कधी? तुझ्या ऑपरेशननंतर आठ दिवसांनी. दुकान उघडून मी काटा लावला, वजन काढलं आणि हात तसाच राहिला. रिकामं कॅरेट उणे एक दाखवत होतं. मी तिथंच गोणीवर बसलो. अब्बांनी विचारलं, काय झालं? म्हणालो, चक्कर आली.

तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. आलो नाही. पाइपाचं सांगायचं तर काट्याचं निघणार, काट्याचं निघालं की अब्बांच्या दारात एक शेतकरी उभा राहणार नाही. चाळीस वर्षांचं दुकान आहे. मी स्वतःला सांगत होतो की गाडी तुमच्या अंगणात पडून आहे, सडून जाईल, कुणाचं काही बिघडत नाही. म्हाताऱ्या बापाला वाचवतोय असं म्हणायचो. खरं तर तुझ्या तोंडाला घाबरत होतो.

दोन्ही दारं पोकळ आहेत. कुणालाही बसू देऊ नकोस. हे पत्र आबांना मोठ्यानं वाचून दाखव. अब्बांना मी आजच सांगतोय.

इसाक


बीड
३० ऑक्टोबर २०२४

रामा,

तुझं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. उत्तर म्हणून आबा येतील असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

शनिवारी लखनच्या पिकअपमधून उतरले. खांद्यावर घोंगडी, बरोबर मोसंबीचं एकच कॅरेट. दुकानात गर्दी होती, चार गावचे शेतकरी उभे होते. मी मुद्दाम दुकानातच थांबलो होतो, कारण अब्बा सहा दिवसांपासून माझ्याशी बोलत नव्हते. सांगितलं त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारखा काटा लावला. मी हात धरला तर म्हणाले, दुकान माझं आहे.

आबांनी कॅरेट खाली ठेवलं नाही. तुला माहीत आहे ते कोकरू कसं उचलून बघतात, तसं दोन्ही हातांवर घेतलं, एकदा खालीवर केलं आणि म्हणाले, "माल वीस किलो हाय. तोल."

काट्यावर एकोणीस आले.

अब्बा आकड्याकडं बघत राहिले. आबा म्हणाले, "शेट, आमाला ठाव व्हतं. आजचं न्हाई, माझ्या बापापासून ठाव हाय. एक किलो तुमची लेकरं खात्यात म्हणून सोडून देत व्हतो. तेच्यासाठी आलो न्हाई मी."

मग माझ्याकडं वळले. बाजूला ताडपत्रीला टेकू दिलेला पाइप आहे ना, त्याला धरून उभे राहिले. त्यांना माहीत नव्हतं तो कसला पाइप. उजव्या दाराचा. मीच तो दुकानाला दिला होता, चांगला मजबूत आहे म्हणून. दहा महिने अब्बांची मोसंबी त्याच्या सावलीत आहेत.

"समद्यांम्होरं सांग," आबा म्हणाले. "माझं पोरगं चुकलं व्हतं का?"

रामा, पत्रात लिहिणं सोपं होतं. अब्बा बघत होते, माणसं बघत होती. मी म्हणालो, "न्हाई आबा. मी चुकलो. दवाखान्यात तुमच्याशी खोटं बोललो. रामेश्वरनं गाडी बरोबर हाकली व्हती."

आणि मग सांगितलं की तुम्ही धरलाय तोच तो पाइप. त्यांनी हात काढला नाही. उलट टेकू ओढून काढला. अर्धी ताडपत्री धप्पकन कॅरेटांवर आली, दोन माणसं बाजूला पळाली. आबांनी पाइप हातावर तोलला. म्हणाले, "दोन किलो. दोन किलोसाठी रं?"

मी रडलो. भर बाजारात, लेकरासारखा. त्यांनी मला जवळ घेतलं नाही आणि ढकललंही नाही. घोंगडीत पाइप गुंडाळला आणि पिकअपमध्ये जाऊन बसले. जाताना म्हणाले, "गाडी लखन ओढून आणील. दारं नीट कर. न्यायला त्यो सोता येईल." त्यो म्हणजे तू. स्वतः. शपथ आबांनीच घातली होती, सोडवली पण आबांनीच.

त्या दिवसापासून चकलांब्याच्या दोन गाड्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडं जातात. अब्बांनी सोमवारी एक किलोचं वजन माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, काटा आता तूच लाव. अजून बोलत नाहीत, पण एवढं म्हणाले.

इसाक


बीड
१२ नोव्हेंबर २०२४

रामा,

काल तू येऊन गेलास आणि मी आज पत्र लिहितोय. समोर होतास तेव्हा लिहिल्यासारखं एक वाक्य जमलं नाही.

पाइप परत वेल्ड करून भागलं असतं असं कुणीही सांगितलं असतं. मला कापलेल्या लोखंडाचा भरवसा वाटला नाही. म्हणून जुन्या बाजारातून सबंध दारं आणली, आतल्या पाइपासकट. लाल मिळाली नाहीत. निळी मिळाली. रंग मारणार होतो, मग राहू दिला. स्वप्नाला आवडत नसेल तर मारून देईन.

तू बसमधून उतरलास ते मी लांबूनच बघितलं. उजवा पाय थोडा बाहेर फेकतोस. हुस्नानं चहा आणला तो घेतलास, मेहेकच्या डोक्यावर हात ठेवलास, माझ्याकडं बघितलं नाहीस. भिंतीपाशी गेलास. खडूचं शंभर आणि त्याभोवतीचा गोल बराच वेळ बघत राहिलास. मग बाहीनं पुसून टाकलंस. मी फडकं पुढं केलं होतं, ते घेतलं नाहीस.

गाडीला फेरी मारलीस. उजवं दार उघडलंस, लावलंस. कान देऊन परत उघडलंस, परत लावलंस. डावं दार तसंच. अंगठ्यानं सगळीकडं दाबून बघितलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. मग आत बसायला गेलास आणि पाय हातानं उचलून आत घेतलास. ते बघवलं नाही मला. मी खाली वाकून चाकाची हवा बघत राहिलो, चाकात हवा होती.

चावी फिरवलीस. बंद केलीस. खिडकीतून हात बाहेर काढून समोर बोट दाखवलंस. शेजारच्या बांधकामाचा वाळूचा ढीग.

क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी रिकाम्या गोण्या शोधल्या. फावडं घेतलं. पहिली गोणी भरून मागं ठेवली. दुसरी भरायला लागलो. काटा तिथंच होता, दुकानातून दुरुस्तीला आणलेला. त्याच्याकडं मी गेलो नाही. तू आरशातून बघत होतास आणि मी तुझ्याकडं बघून फावडं टाकत होतो, तू थांब म्हणशील तेव्हा थांबायचं असं ठरवून.

गोणी अर्ध्याच्या वर गेली. पाऊण झाली.

"बास बे," म्हणालास.

मी तोंड बांधलं, गोणी उचलून पहिलीशेजारी ठेवली आणि दोन्ही दोरीनं घट्ट आवळल्या. तू गाडी काढलीस. नाक्यावरच्या वळणाकडं मी बघत उभा होतो. शेपूट हललंसुद्धा नाही. लाल गाडी, निळी दारं, गेवराईच्या रस्त्याला लागली.

पुढचं तू ठरव. मला माफ केलंस असं मी समजत नाही, विचारणारही नाही. पण त्यातला 'बे' मी ठेवून घेतलाय. अकरा महिन्यांत मला कुणी 'बे' म्हणालं नव्हतं.

इसाक